बाबांच्या ओळंब्यावर लेख लिहिला, पण त्यातला मुख्य प्रसंग बहुतेक घडलाच नव्हता. काय करू?

कोरीपाटी
नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथलं नुसतं वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ आहे. थोडं लांबेल.

माझे बाबा गवंडी होते. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतला ओळंबा माझ्याकडे आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, पितळेचं भोवऱ्यासारखं वजन असतं, खाली निमुळतं, वरून दोरा ओवलेला, भिंत सरळ उभी चाललीय की नाही ते त्याने बघतात. सहा वर्षं माझ्या टेबलावर आहे. काम करता करता अडले की मी तो मुठीत धरून बसते. थंड लागतो आधी आणि मग हळूहळू हाताइतकाच गरम होतो.

आमच्या लेखनगटात प्रत्येकाने जवळच्या एका वस्तूवर ललित लेख लिहायचा असं ठरलं तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. तीन आठवडे घेतले, चौदाशे शब्द झाले. सोबत फोटो द्यायचा म्हणून ओळंबा पॉलिश लावून चकचकीत केला. लेखाची सुरुवात प्राचीन इजिप्तपासून केली, तिथले कारागीर पण असंच दोरा आणि वजन वापरायचे वगैरे, मग बाबांचे हात, सिमेंटने फाटलेली बोटं, आणि मग मुख्य प्रसंग, शेवटच्या आजारपणात बाबा मला जवळ बोलावतात, ओळंबा माझ्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात "सांभाळ". शेवट असा की आयुष्यात कधी तोल गेला तर मी त्या ओळंब्याकडे बघते. गटात सगळ्यांना आवडला, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी तो दादाला पाठवला. दादा बाबांच्या हाताखाली वयाच्या पंधराव्या वर्षापासून काम करायचा. त्याचा दोन दिवस काही मेसेज नाही, तिसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाला छान लिहिलंयस. मग जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण बाबांनी तुला दिला कधी? ते गेल्यावर पिशवी आवरत होतो तेव्हा तू रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलास. मी बघितलं, पण बोललो नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

मी त्याला म्हटलं असं नाहीये, बाबांनी दिलाय मला. आणि मी खोटं बोलत नव्हते, मला तो प्रसंग दिसतो, पलंग दिसतो, बाबांच्या मनगटावरची सलाइनची पट्टी दिसते. पण त्या रात्री झोपताना मला रुमालाचा रंगसुद्धा आठवला. फिकट हिरवा. आणि पर्सचा पट्टा खांद्याला ओढल्यासारखा लागत होता ते वजन आठवलं. आता माझ्याकडे दोन्ही चित्रं आहेत आणि दोन्ही तितकीच खरी वाटतायत.

हा लेख मला सोडून द्यायचा नाहीये. पण "सांभाळ" काढलं तर लेखात उरतं काय? सगळा लेख त्या एका शब्दाकडे चालत गेलाय. आणि दुसरं म्हणजे ही वस्तू खरं तर दादाची असायला हवी होती का, हा प्रश्न आता डोक्यातून जात नाही, तर मी तिच्यावर लिहावं तरी का. ज्यांनी असं काही लिहिलंय त्यांनी जरूर सांगा, कडक बोललात तरी चालेल.


मधलीओळ
माझं मत सांगतो. प्रसंग ठेवा, पण दादाचा फोनही लेखात घ्या.

निबंध या शब्दात बांधणं आहे, नि आणि बंध. शाळेत आपण तसेच लिहायला शिकलो, सुरुवात मध्य शेवट, घट्ट बांधलेलं गाठोडं. पण हा प्रकार ज्याने सुरू केला त्या फ्रान्सच्या माँतेन्यने १५८० साली पहिली पुस्तकं छापली तेव्हा आपल्या लिखाणाला जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो प्रयत्न, करून बघणं. आणि तो पुढे काय करायचा तर १५८८ ची आवृत्ती आली तीत भर घातली, मग त्या छापील प्रतीच्या समासात हाताने अजून भर, १५९२ मध्ये जाईपर्यंत चालूच. मत बदललं तरी आधीचं बहुतेक तसंच ठेवायचा, नवं त्याच्या शेजारी लिहायचा. त्यामुळे वाचणाऱ्याला एक माणूस वीस वर्षं विचार करताना दिसतो.

तुमच्याकडे दोन चित्रं आहेत म्हणता ना, तीच दोन्ही लिहा. एक खोडून दुसरं ठेवलंत तर परत गाठोडंच होईल.

इजिप्त मात्र काढा. बाबांपर्यंत पोचायला हजारो वर्षं लागतायत वाचणाऱ्याला.


नोंदवही
मी वस्तुसंग्रहालयात नोंदणीचं काम करते, बावीस वर्षं झाली. लेख वगैरे मला फारसे लिहिता येत नाहीत पण वस्तूचं वर्णन कसं करायचं हे रोजचं काम आहे, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे एखादी वस्तू आली की पहिल्या दिवशी तिचं महत्त्व कोणी लिहित नाही. आधी ती काय आहे, कशाची आहे, कशी घडवलीय, मोजमाप किती, तिच्यावर काही अक्षरं खुणा शिक्के आहेत का, कोणी बनवली, साधारण कुठल्या काळातली. आणि मग एक रकाना असतो खास खुणांचा. ऑब्जेक्ट आयडी म्हणून एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे १९९७ सालची, गेटी संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली, तीत हा रकाना फार महत्त्वाचा. कुठे पोचा आहे, कुठे दुरुस्ती केलीय, बनवतानाच राहिलेला दोष आहे का. कारण त्याच साच्यातल्या शंभर वस्तूंमधून ही एक ओळखू येते ती तिच्या दोषांमुळे, बाकी सगळं सारखंच असतं. ही पद्धत मुळात चोरीला गेलेल्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून केलेली आहे. तुम्हाला टोचायला लिहित नाहीये हे, पण मला वाटतं तुमच्या लेखाला नेमकं हेच हवंय. आत्ता लेखातला ओळंबा कोणाचाही असू शकतो. तुमच्याच बाबांचा कशावरून?

म्हणून एक करून बघा. लेख बाजूला ठेवा, एक कोरं पान घ्या आणि फक्त नोंद लिहा, एकही भावना नको, एकही उपमा नको. वजन काट्यावर ठेवून लिहा. उंची पट्टीने मोजा. निमुळतं टोक झिजलंय का, किती, एका बाजूने जास्त आहे का? दोरा ज्या भोकातून जातो त्याची कड गुळगुळीत झालीय की धारदार आहे? दोरा मूळचा आहे की बदललेला? गाठ कोणती आहे, आणि ती कोणी बांधली असेल?

पॉलिश केल्याचं वाचून मात्र जिवाला लागलं खरं. पितळ तांबं आणि जस्ताचं असतं, हवेने आणि हाताच्या घामाने वर्षानुवर्षं काळपट होत जातं आणि जिथे बोटं लागतात तिथे वेगळ्या तऱ्हेने होतं. बाबांची पकड कुठे असायची ते त्या काळपटपणात होतं थोडंफार. कोपऱ्याकोपऱ्यात पांढरट सिमेंट अडकलेलं असेल तर तेही. ते गेलं आता. पण गेलं हेही नोंदीत लिहा, आम्ही तसंच लिहितो, अमुक साली साफ केली, कोणी केली, कशाने केली. तुम्ही त्या वस्तूच्या इतिहासात आलात ना त्या दिवशी.

आणि शेवटचा रकाना मालकीच्या प्रवासाचा. कोणाकडून कोणाकडे, कसं. विकत, भेट, वारसा, की माहीत नाही. "माहीत नाही" लिहायला आमच्याकडे कोणाला लाज वाटत नाही, खोटं लिहायला वाटते. तुम्ही तिथे काय लिहाल ते बघा. मला वाटतं तुमचा लेख त्या रकान्यात आहे.


सावकाश
मी मानसशास्त्र शिकवते. "मी खोटं बोलत नव्हते" हे तुम्ही लिहिलंय त्यावर थोडं.

तुम्ही खोटं बोलत नव्हताच. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर जेमतेम सव्वा मिनिटात कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कोणी सांगितलं. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न परत विचारले. कित्येकांची उत्तरं पार वेगळी आली, जागा वेगळी, सांगणारा माणूस वेगळा, आणि तरीही त्यांना आपल्या आठवणीची पूर्ण खात्री. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी मूळची आठवण परत आली नाही. म्हणजे चित्र किती ठळक दिसतंय यावरून ते किती खरं आहे ते ठरत नाही. सलाइनची पट्टी स्पष्ट दिसते आणि रुमालाचा हिरवा रंगही स्पष्ट दिसतो, दोन्हींवरून काहीच सिद्ध होत नाही. आणि हे दादांच्या आठवणीलाही तितकंच लागू आहे हे विसरू नका, ते म्हणतात म्हणून तेच घडलं असंही नाही.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तुमच्या मनाने हेच चित्र का तयार केलं असेल. सहा वर्षं रोज ती वस्तू हातात धरायची तर ती आपल्याला कोणीतरी दिलेली असणं गरजेचं होतं. घेतलेली वस्तू इतकी वर्षं मुठीत धरवत नाही. हे मी माझ्या अंदाजाने म्हणतेय, चुकत असेन तर सोडून द्या.

विनिकॉट नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते, मनोविश्लेषकही. लहान मुलं एखादी गोधडी किंवा चिंधी सोडतच नाहीत, जिथे जातील तिथे घेऊन जातात, त्याबद्दल त्यांनी १९५३ मध्ये लिहिलं. त्यात दोन गोष्टी आहेत ज्या तुमचं वाचताना आठवल्या. एक, आईवडील ती चिंधी मळली वास आला तरी धुवत नाहीत कारण धुतली तर मुलाच्या अनुभवातला सलगपणा तुटतो. वर नोंदवहींनी पॉलिशबद्दल लिहिलं ते वाचून हेच डोक्यात आलं. दुसरी म्हणजे मोठी माणसं त्या मुलाला एक प्रश्न कधीच विचारत नाहीत, की ही तू मनाने निर्माण केलीस की तुला बाहेरून मिळाली. न विचारण्याचा एक करारच असतो जणू. तुमच्या दादांनी सहा वर्षं तो पाळला. तुम्ही लेख लिहिलात म्हणून त्यांना विचारावं लागलं.

एक काळजीची गोष्ट. हे परत लिहायला बसलात की एकदोन दिवस फार जड जातील. पेनेबेकर आणि बील यांनी १९८६ मध्ये जो प्रयोग केला, सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं दुःख लिहायचं, त्यात लिहिल्यावर लगेच लोकांना वाईटच वाटलं होतं, बरं नाही. फायदा नंतरच्या काही महिन्यांत दिसला, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि तोही जे घडलं ते आणि जे वाटलं ते दोन्ही लिहिणाऱ्यांमध्ये. म्हणून जड वाटलं तर लेख चुकतोय असं समजू नका आणि एका बैठकीत संपवायचा हट्टही करू नका.


तिसरामजला
मी साइटवर असतो, लेखनातलं कळत नाही. ओळंबा शब्द दिसला म्हणून आत आलो आणि सगळं वाचलं.

ताई एक विचारतो, चकती कुठे आहे?

तुम्ही वजनाबद्दल लिहिलंय आणि दोऱ्याबद्दल. पण गवंड्याच्या ओळंब्याला अजून एक भाग असतो, वरची चकती, लाकडाची किंवा धातूची, मधोमध भोक, त्यातून दोरा सरकतो. तिचा व्यास आणि खालच्या वजनाचा व्यास एकच असतो, तीच तर सगळी मेख आहे. चकती भिंतीच्या माथ्याला टेकवून धरायची आणि वजन खाली सोडायचं. वजन भिंतीला जेमतेम शिवलं, घासलं पण नाही आणि फटही नाही, तर भिंत ओळंब्यात. फट दिसली तर भिंत वर जाताना बाहेर आलीय. आणि वजन भिंतीला रेलून बसलं, हलेना झालं, तर भिंत वर आत गेलीय. फट किती ते सुतात सांगायचं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चकती नसेल तर नुसतं वजन लोंबकळतं, सरळ रेघ दाखवेल पण भिंतीबद्दल काही सांगणार नाही, मापायला काही राहतच नाही ना.

दुसरं म्हणजे थांबावं लागतं. सोडल्या सोडल्या बघितलं तर फसता. तीन मीटर दोरा असेल तर एक झोका जाऊन यायला साधारण साडेतीन सेकंद लागतात आणि असे कितीतरी झोके जातात तो शांत होईपर्यंत, वारा असला तर विचारू नका. नवीन पोरं घाई करतात, हाताने धरून थांबवतात आणि सोडताना परत झोका देतात. जुने गवंडी एक बोट हलकेच लावतात आणि काढून घेतात. तुमच्या बाबांची ती पद्धत कशी होती ते लेखात आहे का? नसेल तर घाला. फाटलेली बोटं सगळेच लिहितात, पण बोट लावून काढायची पद्धत प्रत्येकाची आपापली असते.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. भिंत उंच झाली की हे एकट्याचं काम राहत नाही. एक जण परांचीवर चकती धरून उभा, दुसरा खाली उकिडवा बसून फट बघतो आणि ओरडून सांगतो, दोन सूत बाहेर, एक सूत बाहेर, बस. वरच्याला फट नीट दिसत नाही, त्याला खालच्यावर विश्वास ठेवावा लागतो. तुमचे बाबा वर असतील. खाली कोण असायचं?


कोरीपाटी
तिसरामजला, तुमची कमेंट वाचली आणि तासभर काही सुचलं नाही.

खाली दादा असायचा.

मी कधीच नव्हते. साइटवर मी लहानपणी दोनतीनदा गेले असेन, वाळूच्या ढिगावर बसायचे. चौदाशे शब्दांत दादा एकदाही आलेला नाहीये, आत्ता फाइल उघडून शोधलं. "दादा" शब्दच नाही. मी बाबांच्या हातांबद्दल लिहिलंय पण ते हात काम करताना मी जवळून बघितलेच नव्हते, घरी आल्यावर बघितले होते, धुतलेले. बोट लावून थांबवायची पद्धत मला माहीतच नाही.

चकतीचं पण मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मला वाटत होतं की माझ्याकडे आख्खा ओळंबा आहे. त्या दिवशी पिशवीत ती असणार आणि मी ती बघून बाजूला सारली असणार, ती काय आहे हेच माहीत नव्हतं ना.

नोंदवही, तुम्ही सांगितलेली नोंद लिहिली. ४१२ ग्रॅम भरला. टोक एका बाजूने झिजलंय. वरच्या भोकाशी एक बारीक चीर आहे जी मी रोज हातात धरून कधी पाहिली नव्हती. दोऱ्याचं आता वीतभर उरलंय, वरचं टोक तुटल्यासारखं पिंजलेलं आहे, कापलेलं नाही. मालकीच्या रकान्यात मी आधी "वारसा" लिहिलं, मग खोडलं, मग "घेतला" लिहिलं. ते लिहून खरंच दोन दिवस जड गेले, सावकाश म्हणाल्या तसंच.


हिशोबनसलेली
ताई, मी फक्त एका गोष्टीबद्दल लिहिते कारण माझी चूक झालीय तिथे.

मी माझ्या मावशीच्या चष्म्यावर लिहिलं होतं. एक काडी दोऱ्याने बांधलेला चष्मा. मला त्यात तिची काटकसर दिसली होती आणि मी तशी ती फार प्रेमाने लिहिली, एका दिवाळी अंकात आलं, कौतुक झालं. मावसबहिणीने वाचलं आणि माझ्याशी जवळपास वर्षभर बोलली नाही. तिच्या मते काटकसर वगैरे नव्हतीच, नवीन चष्मा तिने दोनदा करून दिला होता आणि दोन्ही वेळा मावशीने तो कपाटात ठेवून दिला होता. का ते बहिणीला कधी कळलं नाही आणि ते तिचं आयुष्यभराचं दुखणं होतं. माझ्या लेखामुळे मात्र सगळ्या नातेवाइकांना असं वाटलं की मुलीने आईकडे बघितलंच नाही.

मी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. काडीला दोरा होताच. पण मी त्या दोऱ्याचा अर्थ एकटीने ठरवला आणि छापून टाकला.

परवानगी घ्या असं मी म्हणणार नाही, परवानगी मागितली की समोरचा माणूस नको तरी म्हणतो नाहीतर मन मोडू नये म्हणून हो म्हणतो. वाचून दाखवा. समोर बसून, मोठ्याने, छापायच्या आधी. मोठ्याने वाचताना तुमचा आवाज कुठे अडखळतो ते तुम्हालाही कळेल आणि त्यांचा चेहरा कुठे बदलतो तेही. तुम्ही मेसेजवर पाठवलात, दोन दिवस दादा एकटेच त्या लेखाबरोबर बसले होते, त्या दोन दिवसांचं मला फार वाईट वाटलं वाचताना.


मधलीओळ
आधी लिहिलं होतं की दोन्ही चित्रं ठेवा, ते मत अजूनही आहे, पण खालचं सगळं वाचून एक बदल सुचतो. "सांभाळ" शेवटी नको. ते मधेच कुठेतरी येऊ दे, मला असं आठवतं म्हणून, आणि लेख पुढे चालू राहू दे. शेवटी आलं की ते शिक्क्यासारखं बसतं, दादाला बोलायला जागाच राहत नाही.

आणि "तोल गेला की त्याकडे बघते" हे वाक्य काढलंत तर फार बरं. तिसरामजला यांनी चकती आणि वजन कसं चालतं ते साध्या भाषेत सांगितलं तेव्हा मला आपोआप काय काय वाटलं, कोणी सांगावं लागलं नाही. ओळंब्याचं काम नीट सांगा, अर्थ वाचणारा स्वतः लावून घेतो.


कोरीपाटी
उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येकाची कमेंट मी वहीत उतरवून घेतलीय.

दादाकडे गेले होते. ओळंबा घेऊन गेले आणि नवा ड्राफ्ट. आधी वाचून दाखवला. साडेसहाशे शब्द आहेत आता. इजिप्त गेलं, हात गेले. सुरुवात नोंदीपासून आहे, वजन, चीर, टोकाची झीज, "पॉलिश केला, मी केला". मग मालकीचा रकाना आणि त्यातली खाडाखोड. "सांभाळ" मधे आहे, मला असं आठवतं एवढंच म्हणून, आणि त्याच्या लगेच खाली हिरवा रुमाल.

वाचताना माझा आवाज अडखळला तो "सांभाळ"ला नाही. "खाली दादा असायचा" या ओळीला अडखळला.

दादा ऐकून झाल्यावर आत गेला आणि चकती घेऊन आला. त्याच्याकडेच होती. सागाची आहे, हाताने काळी झालेली, एका कडेला पेन्सिलची रेघ. त्यानेही ती कधी कशाला वापरली नाही, वजनाशिवाय तिचा काय उपयोग. मी ओळंबा त्याच्या हातात दिला, म्हटलं हा तुझा आहे. त्याने दोन्ही एकमेकांवर ठेवून व्यास जुळवून बघितला, अंगठा फिरवला कडेवरून, आणि म्हणाला कोणाचा ते नंतर बघू. म्हणजे तो प्रश्न अजून सुटलेला नाहीये, आत्ता दोन्ही त्याच्याकडे आहेत आणि माझं टेबल मोकळं आहे. हात मधेच तिकडे जातो.

बोटाची पद्धत त्याने दाखवली. बाबा बोट नव्हते लावत. वरून दादाला सांगायचे, तळहात धर, शिवू नको, आणि वजन झोक्यात येऊन त्याच्या हाताला हलकंसं लागून लागून थांबायचं. पंधरा वर्षांच्या मुलाचा हात. हे लेखात घालू का विचारलं तर जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला घाल, पण मी रडलो वगैरे लिहू नकोस. तो रडला नव्हताच, म्हणून ते लिहायचा प्रश्न नाही.

एका वाक्याला मात्र त्याने नाही म्हटलं. मी लिहिलं होतं की त्याने सहा वर्षं मला माफ केलं होतं. तो म्हणाला माफ केलं नव्हतं, फक्त बोललो नव्हतो. ते वाक्य आता त्याच्या शब्दांत आहे.

तिसरामजला, एक विचारायचं होतं. जुना दोरा वीतभरच राहिलाय, नवा घालायचाय आणि दादाने मलाच आणायला सांगितलंय. नायलॉनचा घेऊ की सुती? नायलॉनला पीळ कमी बसतो असं कोणीतरी म्हणालं. बाबांचा सुती होता, तेवढं आम्हा दोघांनाही सारखंच आठवतंय.